जुनं बंद करायची तारीख

४ सप्टेंबर २००६, सोमवार

कीथने सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, उशिरावरून ऐकवणार. लंडनच्या एजवेअरहून केंब्रिजला रोज यायचं म्हणजे आठवड्यात एखादी गाडी चुकतेच. पण साहेब गोड मूडमध्ये. भारतासाठी रिपोर्ट हवाय. डिजिटल रेडिओ तिथे व्हायबल आहे की नाही. म्हणजे आत्ता ज्या मध्यम लहरींवरून खरखरत आवाज येतो, त्यांवरूनच तो डिजिटल पाठवायचा, एफएमसारखा स्वच्छ. एका ट्रान्समीटरमध्ये अर्धा महाराष्ट्र. आमची कंपनी त्याचे संच बनवते. म्हणजे बनवायला बघते.

उत्तर 'हो' आलं तर पुण्यात ऑफिस उघडायचं आणि ते चालवायला तूच ऑब्व्हियस, असं म्हणाला.

त्यानंतर दिवसभर एक ओळ धड वाचली नाही. पुणे. खिडकीशी उभी राहिले, बसले, परत उभी. शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, ठीक आहेस ना.

अजितला अजून सांगितलेलं नाही. (यापुढे अ. नवऱ्याचं नाव रोज पूर्ण लिहायचा कंटाळा.)

६ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं. भांडी विसळता विसळता, जणू काही विशेष नाही असं. अ. बँकेत ऑडिटला आहे. घरातही ऑडिटलाच असतो. टॉवेल हातात घेऊन तसाच थांबला.

"रिपोर्ट तू लिहिणार, आणि उत्तर 'हो' आलं तर जॉब पण तुलाच. हे कुणाला ऑड वाटत नाही का?"

मी म्हटलं, मला माझं काम येतं. तो म्हणाला, कामाचा प्रश्नच नाही. मग आमच्या सईची शाळा, इथला परमनंट स्टे, त्यासाठी इथल्या सरकारने चार वर्षांची पाच केली ती आत्ता कुठे पुरी होतील, वगैरे. त्याला इथे आवडतं. नाही असं नाही, मलाही आवडतं. पण मला इथे सतत, कुणाच्या तरी घरी पाहुणी आलेय आणि निघायची वेळ झालीय, असं वाटतं. हे त्याला सांगायला गेलं की तो 'मग निघायचं का' असं व्यवहारी विचारतो, आणि बोलणंच संपतं.

राग आला. बरोबर बोलला म्हणून जास्त आला.

९ सप्टेंबर, शनिवार

आक्काला फोन. थोरली बहीण, शिराळ्याकडे आमच्याच गावात दिलेली. दाजी कारखान्यात, शेती तीच बघते. तिच्याकडे दिवसाचे बरेच तास लाइट नसते. सहज विचारलं, रेडिओ ऐकतेस का अजून?

हसायलाच लागली. "ऐकायला कुणाला वेळ हाय गं शुभे. शेतात लावतो आम्ही. डुकरांसाठी."

भुईमूग काढणीला आलाय आणि रानडुकरं उकरून फस्त करतात. म्हणून शेताच्या मधोमध माळा, त्याच्या खांबाला रेडिओ टांगलेला. संध्याकाळी बातम्या नि बाजारभाव ती ऐकते, उरलेली रात्र डुकरं ऐकतात. केंद्र बंद झालं की नुसती खरखर चालू. डुकरांना तीही माणसासारखीच वाटते म्हणे. आणि सेल? सेल उतरले की दिवसा पत्र्यावर उन्हात टाकायचे. पुन्हा काही रात्री निघतात.

हे सगळं मला माहीत होतं. मीसुद्धा लहानपणी पत्र्यावर सेल वाळत घातलेत, कुरडयांच्या शेजारी. मग रिपोर्टाच्या आराखड्यात 'वापर' या मथळ्याखाली मी 'कुटुंबाने एकत्र ऐकणे' असं का लिहिलं?

१८ सप्टेंबर, सोमवार

रिपोर्टात ट्रान्समीटरचा भाग झाला. तो सरळ आहे. तंत्र चालतं, वीज कमी खातं, एकच ट्रान्समीटर जुना आवाज आणि नवा डिजिटल दोन्ही पाठवू शकतो. इथपर्यंत मी डोळे झाकून 'हो' लिहीन.

लिहिताना पुण्यातली घरं आठवतात. कोथरूडला घेऊ की बाणेरला, असं चालू होतं मनात. अ. म्हणाला ते मधमाशीसारखं डोक्यात घोंगावतंय. कुंपणानेच शेत खायचं म्हटल्यावर राखण कोण करणार.

३० सप्टेंबर, शनिवार

लॅबमधला नमुना-संच कीथला सांगून घरी आणला. कोपऱ्यावरच्या गुजराती काकांच्या दुकानातून मोठे सेल घेतले. नाश्त्यानंतर लावला. काय आवाज! युरोपातलं कुठलंसं केंद्र, बाई जर्मनमध्ये बोलत होती तर तिचा श्वास ऐकू येत होता. अ. सुद्धा येऊन बसला.

दुपारच्या चहाआधी बंद. मी बटणं दाबत बसले. सईनेच निकाल दिला, "आई, तुझा रेडिओ मेला."

सेल काढून बघितले. संपले. साफ.

जुना संच याच सेलांवर एक हंगाम काढतो. आणि आमच्या लॅबमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या लॅबमध्ये सेल नावाची वस्तूच नाही. प्रत्येक संच भिंतीतल्या प्लगला. इतके दिवस आम्ही आवाज मोजला, रेंज मोजली, भिंतीतून किती जातो ते मोजलं, वीज कुठून येते हे एकदाही विचारलं नाही. विचारायचं कशाला, भिंतीतून येते. आणि त्या भिंतींच्या आत शिराळ्याची पोरगी बसलेली, तिलाही वाटलं भिंतीतून येते.

संध्याकाळी चिडून सेल रेडिएटरवर ठेवले, ऊन नाही म्हणून. अ. ने बघितलं आणि फुटतील म्हणून ओरडला. त्याला आक्काचा पत्रा सांगितला तर आधी हसला, मग म्हणाला, "हे रिपोर्टमध्ये आहे का?"

नाही. अजून नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार

कीथला सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही, तेच जास्त लागलं. चिप नवीन आहे म्हणून वीज खाते, पुढची पिढी कमी खाईल, त्याच्या पुढची आणखी कमी. कधी? दोन वर्षं, तीन. 'रोडमॅप'वर आहे. रोडमॅपवर असलं की ते झाल्यातच जमा असतं इथे.

मी आणखी एक मुद्दा काढला. जुन्या रेडिओत सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, पण शब्द कळतात. डिजिटल असतो तोवर लख्ख, आणि नसतो तेव्हा ठार शांत. मधलं काही नाही. माझ्या गावात शांत रेडिओ म्हणजे डुकरांना आवतण. डुकरांचं सांगितल्यावर कीथ डोळे पुसेपर्यंत हसला, मग म्हणाला, यू मस्ट पुट दॅट इन. गंमत म्हणून.

गंमत म्हणून नाही घालायचं मला.

७ ऑक्टोबर, शनिवार

काहीच नाही. हॅरोपर्यंत चालत गेले, चालत आले. अ. म्हणतो, बस जरा. बसवत नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भारतातून सरकारी रेडिओचे तिघे आले, रिपोर्ट त्यांच्याकडेच जाणार. नकटीच्या लग्नासारखी त्यांची भेट पुढे पुढे जात होती, कधी व्हिसा, कधी मंजुरी. दोघे दिल्लीचे, सूटबूट, सगळ्याला 'व्हेरी इम्प्रेसिव्ह'. तिसरे साळुंखेसाहेब, आमच्याकडच्या एका केंद्राचे मुख्य इंजिनियर, रिटायरमेंटला आलेले, स्वेटरवर कोट. लॅबमध्ये त्यांनी एकच केलं. संच हातात घेतला, उलटा केला आणि मागचं झाकण उघडून सेलांची जागा बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

दुपारी सगळ्यांना सँडविचेस. ते पावाच्या आतलं बोटाने उघडून बघत होते. मी मराठीत म्हटलं, व्हेज आहे. म्हणाले, तुम्ही कुठल्या? शिराळा म्हटल्यावर चेहरा उजळला. शनिवारी जेवायला या म्हटलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

साळुंखेसाहेब आले. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. पीठ इथे एजवेअरला मिळतं, भाकरी मात्र माझी अजून नकाशासारखीच होते. साहेब पाटावर बसल्यासारखे खुर्चीत मांडी घालून जेवले. सईला जवळ घेऊन शाळेबद्दल विचारलं. तिनेही त्यांना काका न म्हणता आजोबा म्हटलं.

जेवण झाल्यावर मी आक्काच्या खांबावरच्या रेडिओचं आणि सेलांचं सांगितलं. ते म्हणाले, मी बघितलं परवा. मग जे बोलले ते इथे नीट लिहून ठेवते, कारण तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

त्यांचा ट्रान्समीटर म्हातारा झालाय. सुटे भाग मिळत नाहीत. दुसऱ्या बंद पडलेल्या केंद्राचे भाग काढून ते चालवतात. नवीन, साधा, जुन्या पद्धतीचा मागितला तर वर कुणी फाइल उघडतही नाही. दुरुस्तीला कुणी विचारत नाही, योजना म्हटली की सगळे येतात फीत कापायला. डिजिटल ही योजना आहे. डिजिटल म्हणून मंजूर झाला तर नवा ट्रान्समीटर येईल, आणि नव्यावरून त्यांना जुना साधा आवाजही पाठवता येईल.

"मॅडम, तुमच्या डिजिटलचे संच कुणी घेईल असं मला वाटत नाही. निदान माझ्या हयातीत नाही. पण तुम्ही 'नको' लिहिलंत तर माझं केंद्रच जाईल. मग तुमच्या बहिणीच्या खांबाला काय टांगणार?"

अ. ताटं उचलत होता. त्याने विचारलं, म्हणजे खोटं लिहायचं? साहेब म्हणाले, नाही हो. ट्रान्समीटरचं खरं आहे ते लिहा. संचांचं कुणी विचारलं तर बघू.

मी साहेबांना ट्यूब स्टेशनपर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाले, थंडी बाधतेय.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

इकडे आड, तिकडे विहीर.

'हो' लिहिलं तर: केंद्र वाचतं. आक्काचा रेडिओ चालू राहतो. कंपनी खूश. मी पुण्याला. आणि लोकांच्या गळ्यात दुपारपर्यंत मरणारे संच.

'नाही' लिहिलं तर: खरं लिहिलं. आणि केंद्र गेलं.

मला 'हो' लिहायचंय. पण का लिहायचंय हेच मला नक्की कळत नाही. साळुंखेसाहेबांसाठी की कोथरूडसाठी? मला पुणं नको असतं तर मी किती झटकन ठरवलं असतं. स्वतःचा फायदा असला की माणसाला स्वतःचं चांगलं कारणही संशयास्पद वाटतं.

अ. ला विचारलं, तू काय केलं असतंस? तो म्हणाला, मी हा रिपोर्ट घेतलाच नसता.

फार उपयोगाचा माणूस.

२१ ऑक्टोबर, शनिवार, लक्ष्मीपूजन

पणत्या मागच्या अंगणात, वाऱ्याने टिकेनात. सईने फुलबाजी पेटवून शेजारच्या म्हाताऱ्या ब्रिटिश बाईंना दिली, त्यांनी ती संपेपर्यंत घाबरून लांब धरली.

आक्काशी बोलले. भुईमूग काढून झाला. बराच राहिला म्हणे, डुकरांनी थोडंच नेलं. तिला सांगितलं, इथे नवा रेडिओ करतोय, एकदम स्वच्छ आवाज. ती म्हणाली, तू करतेस? मग चांगलाच असणार.

फोन ठेवल्यावर रडू आलं. सणाच्या दिवशी. करंज्या तळताना धूर झाला असं सांगितलं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहिलं. एकदाचं. दोन निकाल.

एक: ट्रान्समीटर, हो. आजच घ्यावा.

दोन: संच, अजून नाही. विजेवर चालणाऱ्या घरांत ठीक. सेलांवर चालवणाऱ्यांसाठी निरुपयोगी. म्हणून, जोवर नवा संच जुन्याइतकेच दिवस सेलांवर चालत नाही, तोवर जुनं प्रक्षेपण बंद करू नये.

खरं तेच, आणि केंद्रही वाचावं. लिहून झाल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उठून लॅबभर फिरले, कुणाच्या तरी कॉफीचा कप धुतला.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

कीथने संचांचा परिच्छेद काढून रिपोर्ट परत पाठवला. बाकी एका शब्दाला हात नाही.

गेले त्याच्याकडे. विचारलं, चुकीचं आहे का यात काही? तो म्हणाला, "नो. बट आय कान्ट सेल इट." तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर अख्ख्या टीमचे पगार आहेत, त्यांत माझाही आहे. हा परिच्छेद राहिला तर पुण्याचं सांगू शकत नाही, म्हणाला. धमकी नव्हती ती. पाऊस येईल म्हणून सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, वर माझं नाव आहे.

म्हणाला, उद्या बोलू.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

साळुंखेसाहेबांचा फोन. इथे सकाळ, त्यांच्याकडे जेवणाची वेळ, मागे ताटवाट्यांचा आवाज. परिच्छेदाचं सांगितलं. त्यांना वाटलं मी त्यांची अडचण करतेय. मग म्हणाले, घालाच. पण शेवटी घाला. दिल्लीत पहिलं पान वाचतात.

मी म्हटलं, मग शेवटी घालून उपयोग काय?

"आत्ता नाही. पण उद्या कुणी म्हटलं की आम्हाला माहीत नव्हतं, तर कागद बोलेल."

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाची ही हुशारी मला पटली. आणि पटली याचा रागही आला.

६ नोव्हेंबर, सोमवार

परिच्छेद परत घातला. शेवटी नाही, दुसऱ्या पानावर. कीथने ते पान पुन्हा वाचलं आणि म्हणाला, ओके, नाव तुझं आहे. गेला रिपोर्ट.

घरी येऊन अ. ला सांगितलं. तो उठून चहा करायला गेला, न सांगता. त्याच्या लेखी हा सत्कार असतो.

पुणं गेलं बहुतेक. हलकं वाटायला पाहिजे. दिवसभर हातातून काहीतरी सुटून पडतंय, पेन, किल्ली, सईचा डबा.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिल्लीहून उत्तर आलं. मी इतके दिवस घाबरत होते की 'नाही' येईल. 'हो' आलंय. योजना तत्त्वतः मान्य. ट्रान्समीटर घेणार, साळुंखेसाहेबांचं केंद्र पहिल्या यादीत. त्यांना लगेच फोन केला. म्हणाले, पेढे पाठवतो, वाटेत कस्टमवाल्यांनी खाल्ले नाहीत तर मिळतील.

पत्राचा उरलेला भाग त्यांना वाचून दाखवला नाही.

उरलेला भाग असा: सेलांबाबतची शिफारस त्यांनी वाचली आहे. नीट वाचली आहे. त्यांना ती 'संक्रमण काळा'बद्दलची वाटली. म्हणून विचारलंय की हा काळ किती, आणि जुनी सेवा कोणत्या तारखेपासून बंद करता येईल. योजनेला शेवटची तारीख लागते. ती नसेल तर पैसा सुटत नाही.

कीथने ते माझ्याकडे ढकलून खाली लिहिलंय: तारीख दे, पुणे एप्रिलपासून, मी बोललोय. आणि एक हसरा चेहरा.

२६ नोव्हेंबर, रविवार

अ. ला दाखवलं. वाटलं पुन्हा ऑडिट करेल. केलं नाही. म्हणाला, "टाक एखादी. दहा वर्षांनंतरची. तोपर्यंत चिप सुधारेल की."

सुधारेल. नसेल सुधारली तर? दहा वर्षांनी मंत्री वेगळे, साळुंखेसाहेब घरी, कीथ कुठेतरी दुसरीकडे. तारीख तेवढी तिथेच असेल, माझ्या नावाने. आणि त्या सकाळी कुणीतरी सरळमार्गी माणूस पत्र काढून बघेल आणि लिहिलंय म्हणून बटण बंद करेल.

मी तारीख दिली नाही तर पैसा सुटत नाही, ट्रान्समीटर येत नाही, आणि म्हातारं यंत्र एखाद्या दिवशी आपणहून बंद पडेल. तीही एक तारीखच. फक्त ती कुणी लिहिलेली नसेल.

अ. म्हणाला, "तुला जायचंय ना? खरं सांग. मी येईन."

हे तो पहिल्यांदाच म्हणाला. मला वाटायचं, तो असं म्हणाला की मी नाचेन. मी नुसती बसून राहिले.

"जायचंय," मी म्हटलं. "फार जायचंय."

"मग?"

२७ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर उघडून ठेवलंय. सगळं लिहून झालंय, अभिनंदन, तपशील, वेळापत्रक. एकाच ओळीत जागा रिकामी आहे. कीथ दोनदा डोकावून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, घाई नाही, पाचपर्यंत दे.

एक तारीख टाकली. खोडली. महिना न देता नुसतं वर्ष टाकलं. तेही खोडलं. 'नवा संच सेलांवर एक हंगाम चालला की' असं लिहिलं. ते बघून दिल्लीत म्हणतील ही तारीख नाही. बरोबर आहे, नाहीच.

पावणेपाच. मला घरी जायचंय, आणि घरी जायच्या वाटेवर ही एक ओळ आहे.

तेच वाक्य पुन्हा टाकलं. हंगामाचं. अजून पाठवलं नाही.